बोर्डवाल्या बाईंची शिट्टी

बाईमाणसाने शिट्टी वाजवू नये, असं माझ्या आईने मला शंभरदा बजावलं होतं. घरात साप येतो म्हणे. आता भांडुपच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, साप कुठल्या जिन्याने येणार हे विचारायची सोय नव्हती. त्यामुळे नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात, इस्त्रीची पाचवारी नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा माळलेल्या, पन्नाशीच्या एक बाई कंपनीच्या टेलिफोनात तोंड घालून कडक शिट्टी मारतायत हे बघितल्यावर माझी काय गत झाली असेल, तुम्हीच विचार करा.

आमची कंपनी औषधांची. कांजूरमार्गला, मिठागरांच्या बाजूला. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी टेलिफोनच्या बोर्डावर यायचा आणि बोर्ड या बाईंच्या ताब्यात. सगळी कंपनी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. माहुलच्या कोळीवाड्यातल्या. सकाळी दोन बस बदलून यायच्या, पण कधी लेट नाही. शिट्टी माहेरची. होडीवर असलेल्या भावाला किनाऱ्यावरून हाक ऐकू जायची नाही, शिट्टी जायची, म्हणून लहानपणीच शिकल्या. "मना तर बापसानंच शिकवली," त्या सांगायच्या. "तुझ्या आईला सांग, आमच्याकडे साप नाय आला, मासळी आली."

फोन उचलून त्या 'हॅलो' म्हणायच्या नाहीत, 'बोला' म्हणायच्या. आणि समोरचा बोलायच्या आधीच ओळखायच्या. "बोला पाटीलसाहेब, सर्दी झाली वाटतं." पाटीलसाहेबांनी नुसता श्वास घेतलेला असायचा. त्यांच्या खोलीत एक माठ होता. फोनची तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी पेलाभर पाणी प्यायचं, तेही खाली बसून, असा नियम. "पाणी पी, मग सांग." मॅनेजर असो की शिपाई, सुटका नव्हती. निम्मे लोक पाणी पिऊन तसेच परत जायचे, कारण तेवढ्यात राग उतरलेला असायचा आणि फोनही लागलेला असायचा.

मी होते कॉम्प्युटर विभागात. बीएस्सी, वर सहा महिन्यांचा कोर्स, आणि डोकं आभाळात. बाबांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती, घरात पगार माझा एकटीचा, त्यामुळे तोरा जरा जास्तच. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि बाजूला ठेवून दिलं. त्यानंतर मी कायमची 'बीएस्सी'. "काय गं बीएस्सी, जेवलीस का?"

आमचं मशीन युनिक्सवर चालणारं, कपाटाएवढं, दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसने वापरून आमच्याकडे सरकवलेलं. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं आणि आत गेलं की थंडीने दात वाजायचे. राज्यभरचे आमचे डेपो रोज सकाळी फोन करून या मशीनला औषधांची ऑर्डर द्यायचे. माणूस बोलायचा नाही. डेपोच्या टोकाला एक मोडेम, म्हणजे फोनला जोडायची डबी, आमच्या टोकाला एक, आणि दोघं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी शिट्ट्यांत बोलायचे. मशीन आधी विचारायचं, नाव काय. मग पासवर्ड. ते पटलं की औषधाचं नाव, नग; पुढचं औषध, नग; असं करत ऑर्डर संपेपर्यंत. हे ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात रोज कुठल्या ना कुठल्या डेपोची बोंब असायची.

आमच्या खोलीत असे मोडेम दोन होते. बाईंनी त्यांची नावं ठेवली होती थोरली आणि धाकटी. "जावा आहेत त्या. थोरली दोन घंट्यांनंतर उचलते, मानपान लागतो तिला." एकदा थोरली ऑर्डरच घेईना. कंपनीबाहेरचा इंजिनियर आला, तीन दिवस स्क्रू उघडत-लावत बसला आणि म्हणाला, मोडेम गेला, नवा घ्या. बाईंनी आपल्या बोर्डावरून थोरलीला फोन लावला. तिने उचलून आपला टूऽऽ असा सूर धरला. बाईंनी जीभ दातांना लावली आणि त्याच्या खालच्या पट्टीत एक लांब शिट्टी दिली. मोडेमवरचा 'समोर कोणीतरी आहे' असं सांगणारा लाल दिवा लागला. शिट्टी संपली, दिवा गेला. परत शिट्टी, परत दिवा. इंजिनियरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "ही बरोबर ऐकतेय रे बाबा," बाई म्हणाल्या, "समोरचीच मुकी झाली असेल, तिला बघ." आणि खरंच दोष डेपोच्या मोडेममध्ये निघाला. मला तेव्हा काय वाटलं सांगू? हसू आलं. म्हटलं, बाईंचा तुक्का लागला. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं ज्ञान तुक्का वाटतं, ही आपली जुनी खोड.

आमचे साहेब त्या शिट्टीने भलतेच चिडले. त्यांनी नोटीस काढली की मोडेमचा कॉल चालू असताना ऑपरेटरने लाईनवर कान लावू नये. टाइप मीच केली. बाईंनी ती बोर्डावर चिकटवली आणि अक्षरशः पाळली. डेपोचा कॉल थोरलीला जोडला की कानाचा हेडफोन काढून टेबलावर उपडा ठेवायच्या आणि हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसायच्या. कोणी काही म्हटलं तर बोटाने नोटीस दाखवायच्या.

आता खरी गोष्ट. आमचा एक डेपो होता पार तळकोकणात. तिथून मुंबईला थेट फोन लागायचा नाही. तिथल्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. डेपोत ऑर्डर पाठवणारा एकच कारकून. त्याला मुंबईला आणून मीच आठवडाभर शिकवलं होतं. अबोल माणूस, सगळं वहीत लिहून घेणारा. त्याच्या ऑर्डरींचा मात्र सावळा गोंधळ. चार ओळींची ऑर्डर असली तर यायची. मोठी असली की अर्ध्यात तुटायची. धनुर्वाताची इंजेक्शनं, सर्पदंशाची लस, सलाईन, हे सगळं त्या अर्ध्यात अडकलेलं. आजूबाजूचे दवाखाने डेपोच्या नावाने बोटं मोडायला लागले. कारकून म्हणायचा, मशीन मरतं. एक्स्चेंजवाले त्याला सांगायचे, लाईन खराब. साहेब म्हणायचे, "सबबी! मोठी ऑर्डर टाइप करायचा कंटाळा आहे त्याला."

त्यात एक दिवस त्याच्या ऑर्डरीचा छापील कागद निघाला. शेवटची ओळ अशी: औषधाचं नाव 'कोकण', नग 'गणपती'. अख्ख्या विभागात हशा. नगाच्या जागी आकडाच घ्यावा अशी तपासणी आमच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती, आणि ती लिहायची कोणाची राहिली होती हे कृपा करून विचारू नका. "सकाळी अकराला पिऊन बसतो," साहेब म्हणाले. मीसुद्धा हसले. एवढंच नाही, साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा मशीनची नोंद काढून दिली. नोंदीत स्वच्छ दिसत होतं की हा सकाळी अकराला लॉगिन करतो आणि दुपारी चारपर्यंत आतच असतो. मी लिहिलं, 'डेपोचा कर्मचारी लॉगिन करून जागा सोडून जातो व लाईन अडवून ठेवतो.' खाली माझी सही. वळणदार, मोठ्या ऐटीतली.

त्या सहीवर त्याला काढून टाकायचं ठरलं. पत्र टाइप झालं, शुक्रवारी निघणार होतं.

बुधवारी बाईंनी मला बोलावलं. मी जाऊन पाणी प्यायले, खाली बसून.

"त्या कोकणातल्या पोराला काढतायत?"

"बाई, तुम्ही साहेबांचे फोन ऐकता?"

"मी ऐकत नाय. कानावर पडतं. त्याची बायको पोटुशी आहे, तेही कानावर पडलंय. तू लिहिलंस म्हणे, हा बसून राहतो?"

"मी नाही, मशीन सांगतंय." मी ठसक्यात म्हटलं. "अकरा ते चार आत असतो. नोंद आहे."

"अकरा ते चार ट्रंक कॉल चालू असता तर मी त्याला पोहे नसते पाठवले? माझ्या बोर्डावर त्याचा कॉल तीन-साडेतीन मिनिटांत संपतो गं. दिवा विझतो." त्यांनी बोर्डावरचा एक बारका दिवा दाखवला. "समोरच्याने फोन ठेवला की हा विझतो, मग मना कळतं की माणूस गेला. तुझ्या मशीनला कोण सांगतं माणूस गेला म्हणून?"

"मोडेम सांगतो. केबलमधून."

"बघितलंस?"

थोरलीपासून मशीनपर्यंतची केबल मीच सोल्डरचे डाग देऊन जोडली होती. ऑफिसमधल्या टर्मिनलना, म्हणजे पडदा-कीबोर्डना, जोडतात तशी, तीन तारांची. एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची. टर्मिनल काय, ते टेबलावरच असतं, उठून कुठे जाणार? पण फोनवरचा माणूस गेला हे कळवायला वेगळी तार लागते, आणि ती मी घातलीच नव्हती. कॉल तुटला तरी मशीनला पत्ताच नाही. ते आपलं त्याच जुन्या ऑर्डरीत, 'पुढचं औषध कोणतं' म्हणून, चारला मी मशीन बंद करेपर्यंत ताटकळत बसलेलं.

बाईंनी कोकणचा कॉल आधीच बुक करून ठेवला होता, तो तेवढ्यात लागला. "बोला. मी मुंबईची बोर्डवाली. भावा, एक विचारते, रागावू नको. तुझ्या ऑर्डरीत छापून आलं ते गणपती, हा तुझा पासवर्ड काय रे?"

"बाई!" मी ओरडले. "पासवर्ड विचारायचा नसतो कोणाला!"

त्यांनी मला हाताने गप्प केलं आणि हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला. पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "बाय, तुमका कोणी सांगल्यान? मी तर आवशीक पण सांगूक नाय."

"आणि कोकण हे तुझ्या डेपोचं नाव. मशीन मरतं तेव्हा तू काय करतोस?"

"काय करतलंय? परत कॉल बुक करतंय. लागलो काय पडदो कोरो. मगे त्या मॅडमनी शिकवल्यानी तसा आधी नाव घालतंय, मगे पासवर्ड. वहीत लिवलेला आसा."

मॅडमनी शिकवल्यानी तसं. देवाशप्पथ सांगते, आमच्या घरीही मालवणीच बोलतात, पण ती इतकी कधी लागली नव्हती मला. दारात उभा राहून माणूस आपलं नाव सांगत होता, आणि आतलं मशीन ते औषध समजून लिहून घेत होतं. वर आम्ही त्याला दारुडा ठरवून मोकळे.

"पण मुळात कॉल तुटतो कशामुळे?" मी विचारलं.

"ते ऐकल्याशिवाय कसं सांगू?" बाईंनी नोटिशीकडे बोट केलं. "लिहून दे."

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'बाईंनी मोडेमच्या कॉलवर कान लावावा.' त्यांनी कागद नीट वाचला, नोटिशीच्या वर चिकटवला, आणि मगच समाधान झालं.

गुरुवारी अकरा वाजता कोकणचा कॉल आला. बाईंनी थोरलीला जोडला, पण हेडफोन कानालाच ठेवला, आपल्या बाजूचं बोलणं बंद करून. दुसरा कान मला. शिट्ट्या, चिवचिवाट, खरखर. ऑर्डर येत होती. मी घड्याळाकडे बघत होते. बरोबर तीन मिनिटांनी खट्ट झालं आणि मध्येच एका बाईचा आवाज आला. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का? हॅलो? हॅलो?... आज पण शिट्टीच! काय मेली ही लाईन. कापते गं बाई, बिचाऱ्याला उगाच भुर्दंड नको."

आणि कापला.

कोकणातल्या त्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर होती ती. ट्रंक कॉलवर दर तीन मिनिटांनी विचारायची पद्धतच असते. हिने विचारलं की उत्तर म्हणून शिट्टी. हिला वाटायचं लाईन बिघडली. म्हणून रोज नेमाने, निव्वळ चांगुलपणाने, ती आमची ऑर्डर कापत होती.

मी रागाने लाल. "वाट लावली हिने! थांबा, मी झापते तिला."

"तू पाणी पी," बाई म्हणाल्या आणि एक्स्चेंजला फोन लावला. "नमस्कार ताई. मी मुंबईची, तुमच्यासारखीच बोर्डवाली. तुमच्या इथून औषधांच्या डेपोचा कॉल येतो ना, त्यात शिट्टी ऐकू येते?"

"हो हो! सांगून ठेवलंय मी वर, लाईन बघा म्हणून."

"ताई, ती शिट्टी म्हणजे बोलणं आहे हो. दोन यंत्रं बोलतात. दवाखान्यांची औषधं जातात त्या शिट्टीतून."

"अगंबाई! आणि मी रोज कापत होते? सर्पदंशाचीसुद्धा?"

"तुमचं काय चुकलं? तुम्हाला कोणी सांगितलंच नाय. आमच्याकडे शिकलेली माणसं आहेत ना, ती सांगायला विसरतात."

मी शेजारीच बसले होते, बरं का.

"आता शिट्टी ऐकली की विचारूच नका, वाढवत जा," बाई म्हणाल्या. "सूर बंद झाला की मग कापा. ठेवते. ठेवते हं." असं दोनदा म्हणून त्यांनी ठेवला.

दुपारी मी नवी केबल जोडली, राहिलेल्या तारांसकट, आणि फोन तुटला की जुनं काम बंद करून परत नाव विचारायचं, असं मशीनला बजावलं. शुक्रवारी सकाळी साठ ओळींची ऑर्डर एका दमात आली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, नगाच्या जागी नग.

मी नाचत साहेबांकडे गेले. साहेब खूश. "व्हेरी गुड. दोन ओळींचा रिपोर्ट दे. टेलिफोन लाईनमध्ये सुधारणा झाली, काम सुरळीत."

"आणि ते पत्र, सर?"

"ते आज जाईल. त्याच्याबद्दल तक्रारी होत्याच की."

मी परत बोर्डाच्या खोलीत आले आणि बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या संतापतील, साहेबांकडे जातील, काहीतरी करतील. त्यांनी एक कॉल जोडला, दुसरा जोडला, आणि म्हणाल्या, "लिहिलं कोणी?"

"मी."

"मग पुसायचं कोणी?"

बस्स, एवढंच. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी बाबा माझ्या पगाराच्या तारखेला सकाळपासून दाढी करून बसायचे. हे सगळं बाईंना माहीत होतं. कानावर पडलेलंच असणार. तरी त्या पुढचा कॉल जोडायला लागल्या.

मी टाइपरायटरवर बसले. लिहिलं, 'मोडेमची केबल मी चुकीची जोडली. त्यामुळे मशीनची नोंद खोटी होती आणि माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे. डेपोच्या कर्मचाऱ्याचा कोणताही दोष नाही. ट्रंक कॉल का तुटतो, हे आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंनी शोधून काढले.' इंग्रजीत लिहिलं, कारण साहेबांना मराठीत लिहिलेलं खरं वाटत नसे.

साहेबांनी वाचलं. "तुझं प्रोबेशन चालू आहे, माहीत आहे ना?"

"हो सर."

"आणि हे ऑपरेटरचं काय? आपण कॉम्प्युटर विभाग आहोत." त्यांनी पेनाने ती ओळ खोडली.

मी परत जाऊन सबंध पान पुन्हा टाइप केलं, त्या ओळीसकट. त्यांनी पुन्हा खोडली. मी तिसऱ्यांदा टाइप केलं. दोन चुका झाल्या, पण ओळ ठेवली. तिसऱ्यांदा त्यांचं पेन त्या ओळीवर आलं आणि थांबलं. म्हणाले, "स्पेलिंग तरी नीट कर." आणि सही केली. कपाटातून ते पत्र काढून माझ्यासमोर फाडलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

सही झालेलं पान घेऊन मी बाईंकडे धावले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, म्हणून मराठी करून वाचून दाखवलं. त्यांच्या नावाच्या ओळीशी मी जरा थांबले, म्हटलं आता खुलतील. त्यांचं लक्षच नव्हतं.

"ते पहिलं परत वाच."

"मोडेमची केबल मी चुकीची जोडली."

"हे तू साहेबाला लिहून दिलंस? सहीने?"

"हो."

बाईंनी हेडफोन कानाला लावला. बोर्डावर एक दिवा लागला होता. "बोला," त्या म्हणाल्या. "जोडते, पण आधी ऐका. आमच्या बीएस्सीने केबल चुकीची जोडली होती. स्वतः साहेबाला लिहून दिलं, सही करून. हां, आमचीच ती, कॉम्प्युटरवाली. जोडते." पुढचा दिवा लागला. "बोला. ऐकलंत का, आमच्या बीएस्सीने..." मी त्यांचा हात धरला, विनवण्या केल्या, पदर ओढला. त्यांनी मला कोपराने दूर सारलं. पाच वाजेपर्यंत त्या दिवशी कंपनीत आलेला प्रत्येक फोन, माझ्या चुकीची बातमी ऐकल्याशिवाय, कोणालाही जोडून मिळाला नाही. गोदामवाल्यांना कळलं, कॅन्टीनला कळलं, नाशिकच्या डेपोला कळलं. आणि दर वेळी 'आमची' म्हणताना त्यांचा आवाज असा काही चढायचा, की संध्याकाळी स्टेशनकडे चालत जाताना माझी मान काही केल्या खाली होईना.